पहिला घास

“तोंड उघडा ना, आजा! असं!”

चंद्रिकेनं स्वतःच मोठ्ठा आ करून दाखवला. खाटेवर टेकून बसवलेल्या तिच्या आजोबांनी, राघोत्तमरावांनी, ओठ आणखी घट्ट मिटले. सारभाताचा चमचा त्यांच्या मिशीपाशी क्षणभर थांबला आणि सिस्टर ज्ञानम्मांनी तो परत वाटीत ठेवला.

“घसा बंद झालाय,” सिस्टर म्हणाल्या. “उजवं अंग गेलं, वाचा गेली, आता गिळणंही गेलं. इथं आणल्यापासून पोटात कण नाही. डॉक्टर येतीलच एवढ्यात. आजही खाल्लं नाही तर नळी घालायची म्हणालेत.”

नळी नाकातून घालतात. धर्मार्थ हॉस्पिटलातल्या या म्हाताऱ्यांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या एकाला ती घातलेली होती. त्यानं ओढून काढू नये म्हणून त्याचे दोन्ही हात पट्ट्यांनी खाटेला बांधले होते. तिकडे बघायचं नाही असं चंद्रिका ठरवायची, आणि तिकडेच बघायची.

“घसा कसला बंद!” तिची आई अंबुजा घरच्या मराठीत पुटपुटली, म्हणजे तमिळ बोलणाऱ्या सिस्टरना कळू नये. “भरवणारी किरिस्तांव, शेजारी बंदरातला हमाल. जन्म सोवळ्यात गेला त्यांचा. कसं उतरेल गळ्याखाली?”

तिनं पिशवीतून पितळी डबा काढला. पहाटे न्हाऊन ओलेत्यानं शिजवलेला भात. ट्राममध्ये कुणाचा धक्का लागू नये म्हणून तो छातीशी धरून ट्रिप्लिकेनपासून उभ्यानं आणलेला.

“मामंजी, घरचं आहे. मी केलंय. घ्या.”

राघोत्तमरावांनी डब्याकडे पाहिलं. डोळे भरून आले. तोंड उघडलं नाही. डावा हात तेवढा उठला आणि त्यानं चमचा बाजूला ढकलला. चार शितं शेजारच्या सुब्बाच्या चादरीवर पडली.

सुब्बा म्हणजे तोच बंदरातला हमाल. त्याचे दोन्ही हात सतत कापायचे, म्हणून त्यालाही भरवावं लागे. “पेरियवर,” तो म्हणाला, “वडीलधारे ना तुम्ही, नाटकं पुरे! तुमचं आटपेल तेव्हा माझी पाळी. इथं माझं पोट पाठीला चिकटलंय!”

अंबुजानं पुन्हा चमचा पुढे केला. हात पुन्हा उठला. शितं पुन्हा सुब्बाच्याच चादरीवर.

चंद्रिका बघत राहिली. आजा दरवेळी त्याच बाजूला ढकलत होते. आणि मग त्यांची नजर सुब्बाच्या पलीकडे जायची, एकेका खाटेवरून फिरायची. कुठल्याच खाटेपुढे ताट नव्हतं. इथं एक सिस्टर आणि एक पातेलं. दारापासून सुरुवात, एकाचं झालं की दुसऱ्याला. आजांची खाट दाराशी.

“अय्यो!” ती अशी ओरडली की सुब्बा दचकला. “अम्मा, घरी आजा कधी जेवायला लागतात गं?”

“हे काय आता मध्येच?”

“सांग ना!”

“शेवटच्या पानावर भात पडला की. त्याआधी ते पानाला हात...” अंबुजाची नजर ताटं नसलेल्या खाटांवरून फिरली.

“सिस्टर, आधी सगळ्यांना वाढा! मग आजांना भरवा.”

“आणि बाकीच्यांना भरवणार कोण? मला हात दोनच आहेत, पोरी. शिवाय घसा खरंच बंद असला आणि घास श्वासात अडकला तर? जबाबदार कोण? तू?”

“मी,” चंद्रिका म्हणाली. पण आवाज उंदराएवढा निघाला.

सिस्टरनी दाराकडे एकदा पाहिलं आणि पातेलं उचललं. सुब्बापुढे ताट आलं, त्याच्या पलीकडच्यापुढे आलं, पार खिडकीपर्यंत आली ताटं. चंद्रिकेनं चमचा भरला.

आजांनी तोंड उघडलं नाही.

त्यांची नजर कोपऱ्यात अडकली होती.

“त्याचं नळीतून होतं,” सिस्टर म्हणाल्या.

“असू दे. पान तरी मांडा त्यांचं!”

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यापुढे चिमूटभर भाताचं ताट ठेवलं गेलं. तो त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. सगळा वॉर्ड आता दाराजवळच्या खाटेकडे बघत होता.

“पेरियवर,” सुब्बा हलकेच म्हणाला, “सुरू करा.”

ओठ सुटले. घास आत गेला. गळ्याची घाटी वर चढली, तिथंच थांबली. चंद्रिकेनं आईचं मनगट गच्च धरलं. मग घाटी खाली उतरली.

सुब्बानं ताटाकडे हात नेला. बोटं कापू लागली, भात सांडला. अंबुजानं एकदा मामंजींकडे पाहिलं. मग तिनं पदर खोचला आणि सुब्बाच्या ताटातला घास कालवायला घेतला.

दारात बुटांचा आवाज झाला. सिस्टर ज्ञानम्मा खिडकीपाशी कुणाला तरी भरवत होत्या. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“हात धुऊन या, डॉक्टर. इथं दोघं भरवायचे खोळंबलेत.”