ऑइलचा दिवा

साहेब, तुम्ही खोटं लिहून दिलंत. बॉनेटही न उघडता, कंपनीच्या सांगलीतल्या हापिसात खुर्चीत बसून "गाडीत दोष नाही" असा शेरा मारलात. आता कडेगावात लोकांना तोंड मी देतोय.

तक्रार एवढीच होती, की या छोट्या मोटारीतला ऑइलचा तांबडा, धोक्याचा दिवा उगाच लागतो. मी ऑइल बदललं, प्रेशर मोजलं, स्विच आणि वायर नवी घातली. तरी गाडीचे मालक लालासाहेब सुभेदार यांची सून लीलाबाई आत बसली, की दिवा लागतो. ती उतरली, की विझतो. तिचे दिवस भरलेत आणि उद्या सकाळी तिला याच गाडीनं मिरजेला दवाखान्यात न्यायचं आहे.

"केरबा, म्हसरं राख जा गड्या! तुला ह्ये जमायचं न्हाई," सुभेदार माझ्यावर करवादले.

वैतागून मी आम्ही मिस्त्री शेवटी करतो तेच केलं. दिव्याचा बल्बच उपटून मुठीत धरला. वर बॅटरी काढून बाकावर ठेवली.

"आता लागू दे कसा लागतोय त्यो!"

लीलाबाई पुन्हा आत बसली. समोर काहीच लागलं नाही. सुभेदार खूश होऊन हसले.

लीलाबाई मात्र माझ्याकडं बघत होती. "आवं भाऊ, तुमच्या हातात काय पेटलंय?"

माझ्या मिटल्या बोटांच्या फटींतून तांबडा उजेड येत होता.

साहेब, तिला उद्या या गाडीत बसू देऊ का नको? परतीच्या एसटीनं उत्तर पाठवा. शेरा नको, उत्तर पाठवा!