खोडलेलं नाव

"झोप लागली का हो, मिस्टर हॉइट?" डेलियाने शेवटी विचारलंच.

टोपी डोळ्यांवर ओढून सोफ्यावर बसलेल्या हॉइट बॅरोने दहा वाजल्यापासून अवाक्षर काढलं नव्हतं. आता एक वाजत आला होता. अमेरिकेत गाण्यांचा धंदा चालतो त्या नॅशव्हिलमध्ये गाणी अशीच होतात. सकाळी दहाला दोघं-तिघं एका खोलीत बसतात आणि गाणं घेऊनच बाहेर पडतात. इथे मात्र दोघांचा गाडा एकटी डेलिया ओढत होती आणि म्हातारा कॉफीवर कॉफी पीत होता.

पण नाव त्याचं होतं. चाळीस वर्षं त्याच्या गाण्यांवर लोक जीव टाकत आले होते. डेलियाचा एका कंपनीशी असलेला गाणी लिहून देण्याचा करार आज संपत होता. "हॉइटचं नाव असलेलं एक गाणं आण, तरच राहशील," कंपनीच्या वाँडाने तिला बजावलं होतं. नाहीतर गिटार गुंडाळून केंटकीला आईबाबांकडे परत.

चिडून तिने शेवटी घरचीच गोष्ट गाण्यात ओतली. खाण बंद पडून वर्ष झालं, तरी आई रोज पहाटे बाबांचा डबा भरते. बाबा तो घेऊन निघतात आणि गावाबाहेर गाडी उभी करून दिवसभर आत बसून राहतात. दोघांनाही सगळं ठाऊक आहे, बोलत कुणीच नाही.

"जागाच आहे मी," म्हातारा म्हणाला. "गा बघू पुन्हा. सगळं."

ती गायली. संपल्यावर तिने कागदावर दोन नावं लिहिली. या धंद्याचा रिवाजच आहे: खोलीत जो बसला, त्याचं नाव गाण्यावर, मग त्याने ओळी दिलेल्या असोत की नुसती कॉफी ढोसलेली असो.

हॉइटने पेन घेतलं आणि स्वतःचं नाव खोडलं.

"अहो, हे काय केलंत! तुमच्या नावाशिवाय या गाण्याला कुत्रं विचारणार नाही," डेलिया म्हणाली.

"दोनदा तोंड उघडणार होतो मी," तो म्हणाला. "दोन्ही वेळा वाटलं, बॅरो, तू घुसलास की गाणं नासलं. म्हणून गप्प बसलो. फार जड गेलं, पोरी. सवय नाही ना."

"कौतुक राहू द्या हो. वाँडाला मी काय दाखवू?"

त्याने फोन लावला.

"वाँडा, शनिवारच्या कार्यक्रमातलं माझं शेवटचं गाणं बदल. आणि डेलिया प्रॅटर, हे नाव मोठ्या अक्षरांत लिहून दे मला, स्टेजवरून नीट सांगायचंय. जन्मात पहिल्यांदाच दुसऱ्याचं गाणं गाणार आहे मी."