चहाचं बोलावणं

जीपचा आवाज कानी पडला तशी सवसनगुल तापाने फणफणलेल्या पोराला दोन शालींत गुंडाळून रस्त्याकडे धावली. दुसऱ्या हातात रोटी. रात्रीपासून पोराने दूध ओढलं नव्हतं. दवाखाना खाली, खोऱ्याच्या तोंडाशी. जीप निघालेली वर, हिमनदीकडे. पण वळवली तर वळेल. आधी ड्रायव्हरने घरात यावं, रोटीचा तुकडा मोडावा, चहा घ्यावा. मग त्याला सांगता येईल.

"दादा, या ना आत! चहा टाकलाय!"

ड्रायव्हर इमातशोने छातीवर हात ठेवून मान लववली. "येताना नक्की, ताई!"

आणि गिअर टाकला. या रस्त्यावरचं दार न् दार असंच बोलावतं. सगळ्यांचा चहा घेत बसलं तर वर पोचेपर्यंत हिमनदी वितळून जायची. ऊन आणखी चढलं की बर्फ सुटतो, नदी फुगते. त्याआधी पाणी ओलांडायला हवं होतं.

सवसनगुल मागे धावत राहिली. वळणापाशी तिने सगळी लाज सोडली. "पोर जातंय माझं!" ती ओरडली. नदीच्या आवाजात तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

पुढे रस्ता म्हणजे दरडीवरची नुसती रेघ. उजवं चाक काठावरचे खडे खाली सांडत होतं. मागे बसलेल्या, बर्फाची मोजणी करायला आलेल्या दोन साहेबांपैकी एकाने डोळेच मिटून घेतले. कोसळलेले धोंडे बाजूला सारायला दोनदा उतरावं लागलं. नदीत पाणी बॉनेटला लागलं, इंजिन गुदमरलं, खोकलं, आणि गाडी कशीबशी पलीकडे चढली.

"सुटलो!" इमातशो हसला. "आता उद्या पहाटेपर्यंत ही नदी कुणाला खाली उतरू द्यायची नाही."

हिमनदीच्या पायथ्याशी सवसनगुलचा नवरा, मामदयोर, मेंढ्या राखत होता. इमातशोने त्याला मिठी मारली.

"काय बायको आहे रे तुझी! चहा पाजायला पार वळणापर्यंत गाडीमागे पळाली. एका हातात रोटी, कडेवर पोर. तुझ्यामागे कधी पळाली का अशी?"

मामदयोर हसला नाही. "पोराला घेऊन? एवढ्या उन्हात?"

"उन्हाचं काय, चांगलं दोन शालींत गुंडाळलेलं..."

इमातशोने झटकन मागे वळून पाहिलं.

खाली नदी गरजत होती. मामदयोर वाकून बुटांच्या नाड्या आवळू लागला. गाठ बसेना.

"अरे, तोंडाने सांगायचं ना तिने!" इमातशो जवळजवळ रडत ओरडला. "जागच्या जागी वळवली असती मी गाडी!"

"दारी आलेल्याने आपल्या घरचा घास खाण्याआधीच त्याला काम सांगायचं?" मामदयोरने मान वर केली. "तुझ्या घरची बोलली असती?"