बनाबाईची म्हैस

"माय बफेलो गिव्ह मिल्क," बनाबाई म्हणाली.

"गिव्ह नाही, गिव्ज," मालिनीबाईंनी दुरुस्त केलं. "म्हैस एकच आहे ना? मग क्रियापदाला एस लावायचा. जास्त असल्या की नको."

"एकलीला सोबत लागतीच की," बनाबाई म्हणाली आणि रद्दीच्या गठ्ठ्याला सुतळी आवळायला लागली.

मालिनीबाई मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. राजारामपुरीतल्या तीन खोल्यांत त्या एकट्याच राहत. दर मंगळवारी गडमुडशिंगीची बनाबाई रद्दी न्यायला येई. त्या रद्दीच्या पिशव्या चिकटवून ती वाण्यांना घाली. एकदा गठ्ठ्यातल्या व्याकरणाच्या फाटक्या पुस्तकावर बोट ठेवून तिनं विचारलं, "ह्यात काय लिवलंय, बाई?" तेव्हापासून रद्दी बांधून झाली की अर्धा तास धडा.

धडा रोजच्या कामांचा. बनाबाईची वाक्यं संपता संपत नसत. सून चूल पेटवते. नातू शेळीमागं पळतो. म्हैस लाथ मारते. धनी सगळ्यांवर ओरडतात. इंग्रजी मोडकंतोडकं, पण घर कसं गजबजलेलं! मालिनीबाई चुका सुधारत आणि मनातल्या मनात हेवा करत. स्वतःचा दिवस सांगायचा झाला तर उठते, चहा करते, पेपर वाचते, एवढ्यावरच गाडी अडायची. घरातली रद्दी संपली तेव्हा त्यांनी शेजारणीकडून जुने पेपर मागून आणले. बनाबाईनं रिकाम्या हातानं जायला नको. आणि येणं थांबवायला तर नकोच.

मग सलग तीन मंगळवार ती आली नाही. चौथ्या मंगळवारी दुपारपर्यंत वाट बघून मालिनीबाईंनी एस.टी. धरली. नातवासाठी बिस्किटांचा पुडा घेतला, सुनेसाठी खण. गावात उतरल्यावर त्यांनी पाण्याला निघालेल्या एका बाईला विचारलं, "बनाबाईचं घर कुठलं? दारात म्हैस आहे बघा. मोठं खटलं आहे."

"रद्दीवाली बना व्हय?" ती बाई थबकली. "तिच्या दारात कुठली म्हस, पावणं? एकलीच हाय ती. नवरा तरणाच गेला. पोरबाळ काय न्हाय."

दार नुसतं लोटलेलं होतं. आत छतापर्यंत रद्दी, एक घोंगडं, पालथं घातलेलं एक ताट. तापानं खंगलेली बनाबाई भिंतीला टेकून बसली होती. मालिनीबाईंना बघून तिनं घाईघाईनं पदर सावरला, मग त्यांच्या हातातला खण बघितला आणि मान खाली घातली.

मालिनीबाईंना आधी रागच आला. वर्षभर त्या या घराचा हेवा करत होत्या.

"सून, नातू, म्हैस... एवढं सगळं खोटं कशाला सांगितलंस गं?"

बनाबाईनं घोंगडं सरकवून त्यांना बसायला जागा केली.

"मराठीत खोटं बोलाया जीभ उचलत न्हाय, बाई," ती म्हणाली. "इंग्रजीत समदी घरात असत्यात."