शाळेच्या बाकांचं टेंडर

“याही वर्षी तेच,” क्रासिमिर म्हणाला आणि मेतोदी सुताराचं पाकीट त्याने टेबलावरून सरकवलं. “भाव सगळ्यांत कमी, बाकाचा नमुना झकास, आणि घोषणापत्रावर सही नाही. म्हातारा आपली थट्टा करतो का गं?”

नेवेनाने पाकीट ओढून घेतलं. नगरपालिकेच्या खरेदी समितीची ती अध्यक्ष, क्रासिमिर सदस्य. शाळेला बाकं हवी होती आणि बोली दोनच आल्या होत्या. दुसरी बोली जिल्ह्याच्या गावातल्या एका कंपनीची, भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या बाकांची. तसली बाकं दोन हिवाळेही टिकत नाहीत, हे समितीला चांगलं ठाऊक होतं.

“थट्टा कसली? भीती वाटते त्याला,” ती म्हणाली. “तरुणपणी तुरुंगात जाऊन आलाय ना. शिक्षा झालेली नाही असं लिहून कसं द्यायचं, म्हणून अडतो.”

“मग टेंडर भरतोच कशाला? दर वर्षी स्वतः खिडकीशी येतो, टोपी काढतो, पाकीट देतो आणि जातो. त्याच्यासाठी पोस्ट बंद पडलंय का?”

कागद अपुरा असेल तर बोली लावणाऱ्याला मुदत द्यायची, असा नियम. नेवेना दर वर्षी पत्र पाठवायची, मेतोदी दर वर्षी गप्प बसायचा आणि त्याची बोली बाद व्हायची. कधी कपाटं, कधी दवाखान्याच्या खिडक्या. नियमाच्या बाबतीत नेवेना कोणाचं ऐकणारी नव्हती. वडील ती जन्मायच्या आधीच डॅन्यूब नदीत बुडाले, असं आई सांगायची. आई झ्लाटकाने याच इमारतीच्या फरश्या पुसून तिला वाढवलं, आणि कोणाचे उपकार घ्यायचे नाहीत, कोणावर करायचे नाहीत, हे तिच्या डोक्यात पक्कं बसवलं. ती आई मागच्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून नेवेनाला संध्याकाळी घरी जायला नको वाटायचं.

यंदा मात्र प्रकरण निकराला आलं होतं. हे काम हातचं गेलं तर मेतोदी करवती विकून जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात जाणार, असं अख्खं गाव बोलत होतं. त्याच्या मागेपुढे कोणी नव्हतं.

“आज मुदत संपते,” नेवेना कोट चढवत म्हणाली. “मीच जाऊन सही घेऊन येते.”

“अध्यक्षबाई सुताराच्या दारात? बसतं का हे नियमात?”

“जाऊ नये असं कुठे लिहिलंय, ते दाखव.”



मेतोदी आपल्या सुतारखान्यात नमुन्याचं बाक पॉलिश पेपरने घासत होता. तिला दारात पाहून तो गडबडला. टोपी काढायला त्याने हात वर नेला, पण टोपी डोक्यावर नव्हतीच.

“मॅडम, तुम्ही? इथे?”

“सहीला आले, काका. तुम्ही फिरकत नाही म्हटल्यावर काय करणार?”

“बसा. जेवलात का?”

“जेवणाचं राहू द्या हो.”

त्याने ऐकलं नाही. शेगडीवरच्या पातेल्यातलं घेवड्याचं गरम सूप वाडग्यात ओतलं, पावाचा जाड तुकडा कापला आणि तिच्यासमोर ठेवला. आई गेल्यापासून तिला असं कोणी आयतं वाढलं नव्हतं. तिने मुकाट्याने खाल्लं. डोळे भरून आले, तशी तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिने घाईघाईने कागद पसरला.

“मी वाचते, तुम्ही ऐका. ‘मी कोणताही कर थकवलेला नाही.’”

“नाही थकवला.”

“‘मला फौजदारी शिक्षा झालेली नाही.’” ती थांबली. “काका, ह्याची धास्ती नको. मी कोर्टात विचारून आले. इतकी जुनी शिक्षा कायद्याने पुसली जाते. तुम्ही बिनधास्त सही करा.”

मेतोदी हसला. “ती होय? कम्युनिस्ट राजवटीत पार्टीच्या साहेबाला थोबाडीत दिली होती मी. त्याची लाज कोणाला? आज भेटला तर आणखी एक देईन.”

“मग अडलंय तरी कुठे?” तिचा आवाज चढला. “एका सहीपायी इतकी वर्षं कामं घालवलीत. आता करवती विकायला काढल्यात. हा हट्ट कसला म्हणायचा?”

“हट्ट नाही, मॅडम. काम हवंय मला.” तो हातातल्या पॉलिश पेपरची उगाच घडी करत राहिला. “त्या आश्रमात मला नाही जायचं. तिथून हे गावही दिसत नाही.”

या माणसाचं सुतारखान्यातलं हे लाकूड, ही शेगडी, एवढं तरी वाचलंच पाहिजे, असं नेवेनाला मनापासून वाटलं. तिने पेन त्याच्या हातात दिलं.

“एकच ओळ राहिली. ती सगळ्यांच्याच कागदात असते,” ती भराभर वाचू लागली. “‘खरेदी समितीतल्या कोणाशीही माझं रक्ताचं नातं नाही.’ खाली आमची नावं आहेत, पहिलं माझं. करा इथे सही.”

मेतोदीने कागद जवळ ओढला. पहिल्या नावावरून त्याने बोट फिरवलं. मग त्याने पेन बाकावर ठेवून दिलं.

“झ्लाटकाला शब्द दिला होता, म्हणून तोंडाने कधी बोललो नाही,” तो म्हणाला. “पण नातं नाही असं लिहून मी एकाही वर्षी दिलं नाही, नेवेना. आजही देणार नाही, पोरी.”