डाव्या दाराचा काठ

लेकीने डाव्या दाराच्या फटीत अंगठ्याचं नख घातलं आणि वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवलं. नख कुठे अडकलं नाही, कुठे सैल पडलं नाही. तिने पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. बाप गॅरेजच्या तोंडाशी उभा होता.

"सुरेख बसवलंत," ती म्हणाली. "तुमचंच खरं होतं, बाबा. माझा हात सरळ नाही. मैत्रिणीला नाही म्हणून कळवते."

तिची मैत्रीण फायबरच्या होड्या आणि बसच्या सीटा बनवायचं वर्कशॉप काढत होती आणि भागीदार म्हणून तिला हीच हवी होती. विम्याच्या ऑफिसात बसून लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांची प्रकरणं पुढे सरकवतेस, त्यापेक्षा ये आणि स्वतःच्या हाताने काहीतरी घडव, असा तिने धोशा लावला होता. लेकीचा जीव तिकडे ओढत होता. पण आधी ते दार बघून येते, मग काय ते सांगते, असं ती म्हणाली होती.

ते दार तिने कॉलेजात असताना केलं होतं. सुटे भाग मागवून घरच्या घरी गाडी जोडायचं खूळ बापाचं. दोन माणसं जेमतेम मावतील अशी बुटकी, लांब नाकाची गाडी. आई तिला सरळ 'माझी सवत' म्हणायची. लोखंडी सांगाड्यावर फायबरची बॉडी चढवली बापाने, डावं दार थरावर थर देऊन, घासूनपुसून तयार केलं लेकीने. दार बसवलं आणि फट वेडीवाकडी निघाली. खाली बोट जाईल एवढी, वर नखही शिरेना. लेक चाचरत म्हणाली की कदाचित बॉडीच एका अंगाला कलली असेल. बाप शेजाऱ्यांदेखत हसला. नाचता येईना, अंगण वाकडं, म्हणाला. तुझ्या हाताला सरळपणा नाही, हे तुझं काम नव्हे, असंही म्हणाला. बोलून तो विसरून गेला. लेक विसरली नाही. तिने हातमोजे काढून ठेवले आणि पुन्हा गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नाही.

गाडी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. निवृत्त झाल्यावर बापाने ताडपत्री काढली आणि तो लेकीची चूक निस्तरायला बसला. दाराच्या काठावर काचेच्या धाग्यांची मॅट चिकटवायची, तिला रेझिन पाजायचं, वाळलं की घासायचं. अंगाला खाज सुटायची, आई त्याला स्वयंपाकघरात फिरकू द्यायची नाही. थर चढत गेले, फट भरत आली. बापाला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. मग एक दिवस सायलेन्सर बांधायला तो गाडीखाली शिरला. सांगाडा आणि बॉडी यांच्यामध्ये चारी कोपऱ्यांना रबराची एकेक चकती हवी. तीनच होत्या. डाव्या अंगाची मागची चकती घालायचीच राहून गेली होती, आणि बॉडी चढवताना त्याच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. त्या कोपऱ्यात बॉडी खाली बसली होती आणि दाराची चौकट तिरकी झाली होती.

अंगण खरोखरच वाकडं होतं.

त्याने चकती घातली, बोल्ट आवळले. बॉडी सरळ झाली आणि त्याने भरून जाड केलेलं दार अडकलं. मग आपणच चढवलेले थर त्याने एकेक करून घासून काढले. शेवटी लेकीचा जुना काठ उघडा पडला. दार अलगद लागलं. फट वर जेवढी तेवढीच खाली. तो तिथेच फरशीवर बसून रडला. आपल्या जिभेने आपण पोरीचे हात बांधून ठेवले, हे त्याला तेव्हा कळलं. ती येतेय असा निरोप आला तेव्हा तिचं काम उठून दिसावं म्हणून त्याने दार रंगवून घेतलं. त्या माणसाची जीभ टोचून बोलताना कधी अडखळली नव्हती. चूक कबूल करायची तीन वाक्यं मात्र तो परीक्षेला बसल्यासारखा घोकत होता.

ती वाक्यं त्याने आता कशीबशी म्हटली. "काठ तुझाच आहे. मी त्यात काही केलेलं नाही. बॉडी मीच तिरकी बसवली होती."

चकतीचं सगळं त्याने सांगितलं, पुढचं मागे आणि मागचं पुढे करत. लेक ऐकून घेत होती. मग ती खाली बसली आणि तिने वाकून गाडीखाली बघितलं.

"चारी चकत्या जागच्या जागी आहेत की."

"आता आहेत. तेव्हा एक नव्हती."

"तेव्हा मी पळवाट शोधत होते, बाबा," ती उठत म्हणाली. "आता तुम्ही ती मला काढून देऊ नका."

बापाने फळीवरचा पॉलिश पेपर उचलला. रंग खरवडून दाखवतो, खाली तुझाच थर आहे, माझा कणभरही नाही, असं तो पुटपुटत होता. आजवर या घरात त्याचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता, आणि आज जो शब्द खरा ठरायला हवा होता त्यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. त्याने कागद चकचकीत दारावर टेकवला तेवढ्यात लेकीने त्याचं मनगट धरलं आणि कागद हळूच काढून घेतला. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

"असू द्या, बाबा. जन्मात कधी माझं मन राखलं नाहीत. आज माझ्यासाठी एवढं खोटं बोललात, मला तेवढं पुरे."