चौथा माणूस

थोरल्या नातीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. नात नवऱ्याबरोबर माथेरान बघून आली आणि हौसाबाईंनी दत्तोबांच्या मागे टुमणं लावलं. दत्तोबा जन्मभर धान्यबाजारात हमाली करून निवृत्त झालेले. मुलगा भडकला. "अण्णा, डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हणून बजावलंय. डोंगरावरून तुम्हाला उचलून आणायची पाळी येईल."

"आली तर ये उचलायला," म्हणत दत्तोबांनी भाकऱ्या बांधून घेतल्या.

गाड्या थांबतात तिथून पुढे गावापर्यंत पायी जायचं, नाहीतर हातरिक्षात बसायचं. दोघं पायीच निघाले. अर्ध्या वाटेत हौसाबाईंचे गुडघे अडले, तेव्हा रिक्षा थांबवली. एक माणूस पुढून ओढायला, दोघं मागून ढकलायला.

"तुमीबी बसा की वो. छातीला जपा," हौसाबाई म्हणाल्या.

"जन्मभर पोती वाहिली. आता म्हातारपणी मीच पोतं होऊ?"

आणि दत्तोबांनी मागून खांदा लावला.

रिक्षावाला हसला. "बाबा, आमच्या पोटावर पाय देता का?"

"तुमचं तुमाला मिळंल. ह्यो चौथा फुकटचा समज!"

चढावर छाती भात्यासारखी चालू लागली. "सोडा, माझी शपथ हाय!" हौसाबाई वळून वळून ओरडत राहिल्या. दत्तोबांनी हात काढला नाही. बाजारपेठेत पोचले तेव्हा ते डोक्यापासून पायापर्यंत तांबड्या मातीने माखले होते, आणि बघणाऱ्यांना चारही माणसं एकाच धंद्यातली वाटली.

दत्तोबा वारले ते त्यानंतर अकरा वर्षांनी, मार्गशीर्षात, घरी, झोपेत.